पाइप कापण्याआधी

मागच्या नवतप्यातली गोष्ट. भर दुपारी एक सात आसनी ऑटोमॅटिक डिझेल गाडी वर्ध्याच्या आमच्या गॅरेजात आली. मालक हिंगणघाटकडचे, रोजचं जाणं-येणं जिनिंगवर. उतरल्या उतरल्या म्हणाले, "भाऊ, गिअरबॉक्स गरम होऊन राहिला. बाहेरचा कूलर लावून द्या नं." गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं असलं की हात आपसूक पान्याकडे जातो. त्या दिवशी आधी स्कॅनर लावला. गाडीत माणसं आणि सामान भरून तळेगावचा सत्याग्रही घाट चढलो. माथ्यावर गिअरबॉक्सचं तेल 118 अंशांवर होतं. तक्रार खरी होती.

परत येऊन पुढची जाळी उतरवली. बाहेरून कंडेन्सर बरा दिसत होता. पण कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत कापसाची रुई, काळ्या मातीची धूळ आणि रात्रीचे किडे मिळून अक्षरशः नमदा बसला होता. बोटांनी सोलून काढावा असा. दिवाळीपासून जिनिंगच्या आवारात उभी राहणारी गाडी, दुसरं काय होणार? कमी दाबाच्या पाण्याने आतून बाहेरच्या दिशेने धुतलं, कारण जोराचा फवारा मारला तर फिन आडव्या होतात. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तेवढ्याच भाराने तोच घाट चढलो. तेल 101 वर थांबलं. कूलर लावला नाही.

ही गोष्ट सांगायचं कारण, या उन्हाळ्यात बाहेरचा कूलर बसवण्याची मागणी आपल्या सगळ्यांकडेच वाढली आहे. फॉर्च्युनर, एक्सयूव्ही 700, स्कॉर्पिओ-एन या गाड्यांचे सहा गिअरचे ऑटोमॅटिक आता तालुक्याच्या गावांतही दिसतात. हे सगळे टॉर्क कन्व्हर्टरवाले. कन्व्हर्टरमध्ये लॉकअप क्लच बसेपर्यंत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये फक्त तेल असतं, आणि दोन्हीकडच्या फेऱ्यांत जेवढा फरक, तेवढी ताकद उष्णता होऊन त्या तेलात उतरते. साधारण 80 ते 95 अंशांत तेल खुशीत असतं. घाटात थोडा वेळ 110 दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. 120 च्या वर ते सतत राहू लागलं की मात्र तेल झपाट्याने जुनं होतं, सील कडक पडतात आणि क्लच प्लेटा स्लिप मारू लागतात.

समृद्धी महामार्गाबद्दल गिऱ्हाइकांच्या मनात विनाकारण भीती आहे. येळाकेळीला चढून एका वेगाने निघालेल्या गाडीचा लॉकअप क्लच बसलेला असतो, म्हणजे कन्व्हर्टर घसरत नाही आणि समोरून वाराही भरपूर मिळतो. तेल तापतं ते नागपुरातल्या गर्दीत, घाटात आणि पांदणीत.

पांदणीबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण जुलैत आपल्याकडे जे गिअरबॉक्स जळून येतात त्यांचं मूळ बरेचदा तिथे असतं. गाडी काळ्या चिकण मातीत बसते. चाक जागचं हलत नाही आणि मालक कधी डी, कधी आर करत रेस देत राहतो. इंजिन 1,600 फेऱ्यांवर नुसतं 250 न्यूटन-मीटर देत असेल, तरी ती सुमारे 42 किलोवॅट ताकद झाली, आणि चाक फिरत नाही तोवर ती सगळी तेलात जाते. पाणी तापवायच्या एक किलोवॅटच्या 42 रॉड आठ-नऊ लिटर तेलात एकदम सोडल्यासारखं आहे हे. धातू शोषून घेतो ती उष्णता सोडली, तर तेल दर सेकंदाला अडीच-तीन अंश चढतं. गाडी उभी आहे, समोरून वारा नाही. अशा वेळी कितीही मोठा कूलर लावलेला असला तरी तो काय करणार? गाडी देतानाच मालकाला सांगून ठेवा: फसली तर रेस देऊ नका, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा आणि शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर बोलवा.

कूलर लागतोच अशाही गाड्या आहेत. मागे ट्रेलर ओढणारी, किंवा टपावर कॅरिअर आणि आत सात माणसं घेऊन नेहमी घाट करणारी. जाळी साफ, कूलंट बरोबर, तेल नवं आणि तरीही आकडा खाली येत नसेल, तर जरूर लावा. पण रेडिएटरमध्ये गिअरबॉक्सच्या तेलाचा जो मूळ कूलर असतो, तो तोडून नाही. तेल आधी रेडिएटरमधून, मग बाहेरच्या कूलरमधून आणि तिथून गिअरबॉक्सकडे, हा क्रम राखा. कंडेन्सरच्या फिनमधून प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओवून कूलर टांगण्याची पद्धत आपण सोडायला हवी. दोन पावसाळ्यांत तो घासून कंडेन्सरला भोक पाडतो. पट्टीचे ब्रॅकेट करा, मध्ये फट ठेवा. नळी गिअरबॉक्सच्या तेलासाठी बनलेलीच घ्या, डिझेलची किंवा पाण्याची नको. पाइपाच्या टोकाला कंगोरा उठवल्याशिवाय क्लिप आवळू नका. कूलरमध्ये तेल भरतं, म्हणून पातळी पुन्हा बघावी लागते, आणि डिपस्टिक नसलेल्या गिअरबॉक्समध्ये ती कंपनीने दिलेल्या तापमानालाच बघायची. तेल लाल दिसतं म्हणून कुठलंही लाल तेल ओतू नका. पॉवर स्टीअरिंगचंही बरेचदा लालच असतं. गाडी वॉरंटीत असेल तर पाइप कापल्याने वॉरंटी जाऊ शकते, हे मालकाला आधी लिहून द्या. आणि गिअरबॉक्स आधीच जळका वास मारत असेल तर कूलरचे पैसे घेऊ नका, त्या माणसाला खरं काय ते सांगा.

एक विनंती. या मे-जूनमध्ये ऑटोमॅटिक गाडी हाती आली की वहीत पाच गोष्टी टिपून घ्या: गाडी, भार, रस्ता, बाहेरचं तापमान आणि तेलाचं तापमान. नोंदी आमच्याकडे पाठवा. आर्वी, पुलगाव, समुद्रपूर, कारंजा, कुठलंही गाव चालेल. ज्यांच्याकडे स्कॅनर नाही त्यांनी शेजारच्या गॅरेजातून तासाभरासाठी मागून घ्यावा. जुलैच्या अंकात आपल्या उन्हातले, आपल्या रस्त्यांवरचे आकडे छापू.