एक बॅग, एक जोड

मंगळवारी सकाळी दिल्लीत मीटिंग, बुधवारी दुपारी बंगळुरूला प्रेझेंटेशन आणि रात्रीच्या फ्लाइटने घरी. अशा ट्रिपला कपड्यांचं टेन्शन नसतं. शर्ट गुंडाळले जातात, टाय कोपऱ्यात मावतो. अडून बसतात ते बूट! देशांतर्गत विमानात इकॉनॉमीच्या तिकिटावर केबिन बॅग साधारण ७ किलोंची. त्यातले दोन-अडीच किलो लॅपटॉप आणि त्याचं लटांबर खाऊन टाकतं. चामड्याच्या बुटांचा जोड किलोभराच्या आसपास, वर जागा अडवतो ती वेगळीच. म्हणजे दोन जोड बाद. एकच न्यायचा, आणि तो तीन दिवस चारचौघांत दिसायलाही हवा.

बहुतेक जण इथे पायात स्नीकर्स घालतात आणि फॉर्मल शूज बॅगेत कोंबतात. प्रवासात कम्फर्ट हवा ना! माझं मत नेमकं उलटं आहे. फॉर्मल पायात घाला आणि बॅगेत रबरी स्लिपर टाका. ती लॅपटॉपच्या मागे चपटी बसते, वजन नगण्य. लांबच्या इंटरनॅशनल फ्लाइटमध्ये पाय सुजतात, तेव्हा सीटवर बसल्या बसल्या बूट काढून ती चढवता येते. लाज कसली? पण तिचं खरं काम विमानात नाही, हॉटेलवर आहे.

बुटांची काळजी म्हटलं की आपल्याला पॉलिशची डबी आठवते. प्रवासात बूट बिघडतात ते मात्र घामाने. आपल्या शरीरावर घामाच्या ग्रंथी सर्वांत दाट असतात त्या तळहातांवर आणि तळपायांवर. सकाळी सातला चढवलेला बूट रात्री दहाला उतरवला, तर आतलं अस्तर, इनसोल, सगळं ओलसर झालेलं असतं. घरी दुसरा जोड असतो, त्यामुळे पहिल्याला एक दिवस सुटी मिळते. प्रवासात कुठली सुटी? त्याच ओलसर बुटात सकाळी पुन्हा पाय गेला की चामडं ताणलं जातं, बोटांपाशी पडलेली घडी पक्की होते. वासाबद्दल मी काही बोलत नाही, शेजारच्या खुर्चीतला बोलेल.

म्हणून रूमवर पोचल्या पोचल्या बूट काढायचे. तेही नाडी पूर्ण सैल करून; एका पायाने दुसऱ्याची टाच दाबून नव्हे. मग स्लिपर. कोपऱ्यावरच्या हॉटेलात जेवायला जायचं तरी स्लिपरच. बुटाची जीभ वर ओढायची, इनसोल सुटा असेल तर बाहेर काढायचा आणि आत वर्तमानपत्राचे बोळे भरायचे. कागद ओल शोषून घेतो. झोपण्याआधी बोळे एकदा बदलले तर फारच उत्तम. रिसेप्शनवर कालचा पेपर मागा, आनंदाने देतात. अस्तर फिकट रंगाचं असेल तर शाईचे डाग पडायची भीती, तिथे टिश्यू पेपर वापरा. लाकडी शू-ट्री झकास वस्तू आहे, पण ती घरी. ७ किलोंत तिला जागा नाही. आणि प्लीज, हेअर-ड्रायर नको! कडक उन्हातली खिडकीही नको. एकदम उष्णता लागली की चामड्यातली स्निग्धता जाते, ते ताठ होतं, मग तडकतं. सोलचं चिकटवणही ढिलं पडतं. बूट कुशीवर आडवे ठेवून पंखा चालू ठेवायचा, एवढं पुरतं.

हे सगळं अर्थात बूट मुळात धड असतील तर. माझ्या एका मित्राने इंटरव्ह्यूसाठी जपून ठेवलेला जोड काढला. तीन वर्षांपूर्वी घेतलेला, जेमतेम दोनदा घातलेला, खोक्यात कागदात गुंडाळलेला. मुंबईहून बंगळुरूला तेच बूट पायात घालून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मेट्रोच्या जिन्यावर उजव्या बुटाचा सोल गळायला लागला. सुटला नाही, गळला! पायऱ्यांवर मागे काळे तुकडे. बुटांची दुकानं अजून उघडायची होती. बिचाऱ्याने स्टेशनरीच्या दुकानातून सेलोटेप घेऊन सोल बांधला आणि दोन राउंड पाय टेबलाखाली दडवून काढले. तिसऱ्या राउंडला त्याला उठून बोर्डवर लिहायला सांगितलं. नोकरी मिळाली म्हणा त्याला. दोन महिन्यांनी, दुसऱ्या कंपनीत.

बऱ्याच हलक्या, आरामदायी बुटांचे सोल पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेनचे असतात. हवेतल्या दमटपणामुळे हा पदार्थ आतून हळूहळू तुटत जातो. हायड्रॉलिसिस म्हणतात त्याला. बूट घातले नाहीत तरी ते थांबत नाही. मुंबई-कोकणच्या हवेत तर त्याला रानच मोकळं. वरचं चामडं नव्यासारखं चकाचक आणि खाली बिस्कीट! त्यामुळे निघण्याच्या चार-पाच दिवस आधी बूट बाहेर काढा. पुढचा भाग हाताने वाकवा, सोलच्या कडेत नख रुतवून बघा. भेग दिसली किंवा भुगा हाताला लागला तर तो जोड घरीच. रबरी किंवा चामडी सोलला हा आजार नाही. तिथे फक्त टाचेची झीज बघायची, आणि ती बदलून द्यायला नाक्यावरचा चांभार पुरे.

आता पॉलिश. माझ्या बॅगेत असते ती छोटी न्यूट्रल क्रीमची डबी आणि जुन्या बनियनचा तुकडा. न्यूट्रल अशासाठी, की काळ्यालाही चालतं, ब्राउनलाही. रात्री ओलसर फडक्याने धूळ पुसायची, सकाळी मटारच्या दाण्याएवढं क्रीम चोळायचं, संपलं. परदेशी जाताना केबिन बॅगेतल्या क्रीमला आणि लिक्विड पॉलिशलाही डबीमागे १०० मिलिलिटरची मर्यादा आहे, हे लक्षात असू द्या. हॉटेलच्या बाथरूममध्ये ठेवलेल्या त्या शू-शाइन स्पंजवर बहुधा सिलिकॉनचं तेल असतं. चमक येते, चामड्याच्या पोटात काही जात नाही. इमर्जन्सीला ठीक.

मुंबईत असाल तर एवढीही तसदी नको. सीएसएमटी, चर्चगेट, दादर, कुठेही पेटीवर ब्रश ठकठक वाजवणारा पॉलिशवाला सापडतो. पाय पेटीवर ठेवायचा, मोज्याला काळं लागू नये म्हणून तो बुटाच्या कडेला पुठ्ठ्याचे तुकडे खोचतो, आणि पुढची लोकल यायच्या आत काम फत्ते! ब्राउन बूट असतील तर पॉलिश लावण्याआधी शेड बघून घ्या, नाहीतर टॅनचे बूट चॉकलेटी होऊन घरी येतात. मी सरळ माझी क्रीमची डबी पुढे करतो आणि पैसे पूर्ण देतो. त्याच्या नजरेला उसवलेला टाकाही आपल्याआधी दिसतो, तो फुकटचा सल्ला.

रात्रीच्या ट्रेनने जात असाल तर चिंता वेगळी: सकाळी बूट जागेवर असतील का? स्लीपर डब्यात लोक पंख्याच्या जाळीवर बूट ठेवतात ते उगाच नाही. मी मात्र उशीच्या जुन्या अभ्र्यात घालून उशाशी घेतो. प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नाही. ओल कोंडते आणि बुरशी धरते.

पावसात बूट भिजले तर चामड्यावर पाण्याची पांढरट रेघ उमटते. तेवढीच रेघ घासत बसू नका, सगळा बूट ओलसर फडक्याने सारखा पुसून घ्या, म्हणजे कड उरत नाही. बाकी बोळे आणि पंखा तेच. स्वेड मात्र पावसाळी ट्रिपला नेऊच नये.

स्लिपरऐवजी कोल्हापुरी नेली तर? कल्पना सही आहे. २०१९ मध्ये जीआय टॅग मिळालेली ही चप्पल तितकीच चपटी बसते आणि रात्री क्लायंटबरोबर जेवायला जायचं झालं तर रबरी स्लिपरपेक्षा कितीतरी शोभते. पण तिचं चामडं वनस्पतींच्या रसात कमावलेलं, पाणी प्यायलं की फुगतं. जून ते सप्टेंबर तिला घरीच ठेवा, रबरी स्लिपर झिंदाबाद.