मोजणी आणि पारख

एखाद्या वैद्यकीय संशोधकाची योग्यता किती, हे ठरविण्याची एक सोपी रीत आज सर्वत्र रूढ झाली आहे. त्याचे शोधनिबंध किती, ते कोणत्या नियतकालिकांत आले आणि इतरांनी त्यांचा उल्लेख किती वेळा केला, एवढे आकडे समितीपुढे ठेवले की निवाडा झाला! निबंध वाचण्याचे कष्ट कोणी घ्यावयाचे? या रीतीचा विचार करताना आम्हांला कलकत्त्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही.

पटकीचा जंतू विष निर्माण करीत असावा, असा तर्क रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली केला होता. तो सिद्ध व्हावयास पाऊणशे वर्षे लागली. डॉ. डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक भाग दोन्ही बाजूंनी बांधून त्यात, जंतू पूर्णपणे गाळून काढलेला द्रव सोडला. तो भाग पाण्याने टम्म फुगला! जंतू नसतानाही रोगाचे लक्षण प्रकटले. तेव्हा खरा अपराधी जंतूचे विष होय. बेताच्या साधनांनी केलेल्या या प्रयोगाचा वृत्तांत १९५९ साली 'नेचर'मध्ये आला तो अवघ्या दोन पानांत मावणारा. त्याच सुमारास मुंबईच्या हाफकीन संस्थेत डॉ. दत्त व त्यांचे सहकारी सशाच्या पिलांवर प्रयोग करून याच प्रश्नाचा मागोवा घेत होते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

पिकते तेथे विकत नाही, हेच खरे. डॉ. डे यांचा हा निबंध प्रारंभी उपेक्षित राहिला. पुढे, १९६९ साली अमेरिकेत ते विष शुद्ध स्वरूपात वेगळे झाले आणि कलकत्त्यातील कार्याचे मोल जगाला उमगत गेले. नोबेल पारितोषिकविजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्याच पारितोषिकासाठी डॉ. डे यांचे नाव सुचविले. १९७८ साली नोबेल प्रतिष्ठानाने त्यांना परिसंवादास पाचारण केले. भारतातील एकाही विज्ञान अकादमीने मात्र त्यांना अखेरपर्यंत आपल्यात घेतले नाही. १९८५ साली ते निवर्तले.

शास्त्रीय उल्लेखांची सूची सिद्ध करणारे फिलाडेल्फियाचे युजीन गारफिल्ड यांनी १९८६ साली पटकीच्या संशोधनाचा आलेख मांडला, तेव्हा डॉ. डे यांचे थोर स्थान त्यांनी ठसठशीतपणे दाखविले. म्हणजे मोजणीनेच न्याय दिला. पण तो निबंधानंतर २७ वर्षांनी आणि निबंधकाराच्या मृत्यूनंतर! तीन-चार वर्षांचे आकडे पाहून बढती देणाऱ्या समितीपुढे असा मनुष्य उभा राहिला असता, तर तिने त्याला काय दिले असते?

यावर असे म्हटले जाईल की, माणसांच्या हाती निवाडा दिला की वशिला शिरतो. आकडा निदान निःपक्षपाती असतो. या म्हणण्यात तथ्य आहे. डॉ. डे यांना डावलणाऱ्या अकादम्यांत निर्णय घेणारी माणसेच होती, यंत्रे नव्हती. परंतु आज आकडाही सोवळा उरलेला नाही. पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिके निघाली आहेत आणि ज्यांनी प्रयोगशाळेचा उंबरठा ओलांडला नाही त्यांची नावे निबंधांवर झळकत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांतील बढतीस शोधनिबंधांची अट घातल्यावर दुसरे काय होणार? अशा निबंधावर विसंबून कोणी औषध दिले, तर त्याचे प्रायश्चित्त लेखकाला नव्हे, खाटेवरच्या रोग्याला भोगावे लागते.

नियतकालिकाच्या सरासरीवरून व्यक्तीची किंमत करू नये, असे खुद्द गारफिल्ड सांगत आले होते. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्को येथे तयार झालेल्या जाहीरनाम्यातही शास्त्रज्ञांनी व संपादकांनी तेच बजाविले आहे. आमची मागणी साधी आहे. प्रत्येक उमेदवाराकडून त्याचे सर्वोत्तम असे तीनच निबंध मागवावेत. समितीने ते वाचावेत आणि आपल्या मताची कारणे सही करून प्रसिद्ध करावीत. म्हणजे वशिल्यालाही उजेडात यावे लागेल. आकडे साक्षीदार म्हणून खुशाल बोलवावेत. न्यायासनावर मात्र वाचणारा माणूसच बसला पाहिजे.