बाटलीवर काय लिहिलंय ते आम्हाला कळलंच पाहिजे!

आटपाडी तालुक्यातील शेतकरी आणि फवारणी करणाऱ्या मजूर बंधू-भगिनींनो,

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता वीसहून अधिक शेतकरी-मजूर विषबाधेने मेले, शेकडो दवाखान्यात पडले. हातमोजे घातले नाहीत म्हणून दोष मेलेल्यांनाच दिला गेला. बाटलीवरची भाषा मात्र तशीच राहिली.

वाचा ती भाषा : 'प्रोफेनोफॉस ४०% + सायपरमेथ्रिन ४% ईसी'. म्हणजे शंभर भागांत चाळीस भाग एक विष, चार भाग दुसरं. ईसी म्हणजे पाण्यात ओतताच दुधासारखं होणारं तेलकट औषध, कातडीतून सहज आत शिरणारं. एवढं मराठीत छापायला कंपन्यांचं काय अडतं? पहिलं विष ऑर्गनोफॉस्फेट गटातलं, त्यावर अ‍ॅट्रोपिनचा उतारा आहे. दुसऱ्यावर खास उतारा नाही. रात्री रुग्णाला घेऊन धावणाऱ्या घरच्यांना फक्त दुकानातलं नाव ठाऊक असतं. डॉक्टरांनी त्यावरून काय ओळखायचं? आमच्यासाठी बाटलीवर ठेवलाय तो रंगीत त्रिकोण. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. विष कुठल्या गटातलं, हे तो रंग सांगत नाही.

कंपन्या म्हणे, जागा नसते! रसरशीत फळाच्या चित्राला जागा असते, ठळक ब्रँडला असते. जीव वाचवणाऱ्या ओळीलाच नसते. म्हणे, घडीपत्रक मराठीतही असतं! ते मुंगीच्या पायाएवढं अक्षर शेताच्या बांधावर वाचून दाखवा.

आणि म्हणे, शेतकऱ्याला रसायनशास्त्र कळत नाही! तेल्या रोगानं बाग जाऊ नये म्हणून आमचा डाळिंबवाला एक टक्का बोर्डो मिश्रण घरी बनवतो. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. त्यात विळ्याचं पातं बुडवतो. तांबूस थर चढला की मोरचूद मोकळं राहिलंय हे ओळखून चुना वाढवतो. हे रसायनशास्त्र नाही तर काय आहे? ०:५२:३४ हे खत त्याला तोंडपाठ आहे. पण ५२ हा फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या मापातला आकडा आहे, निव्वळ फॉस्फरस २३ टक्केही भरत नाही, हे पोत्यावर कुणी समजावलं नाही. न कळणारे आम्ही नाही. न सांगणारे तुम्ही कंपनीवाले आहात.

आमची मागणी : बाटलीच्या दर्शनी बाजूला, ब्रँडइतक्याच मोठ्या मराठी अक्षरांत विषाचं नाव, गट, टक्केवारीचा अर्थ आणि उतारा छापा. तोवर बिलावर औषधाचं तांत्रिक नाव लिहून घेतल्याशिवाय कुणीही दुकानातून उठू नये, आणि विषबाधा झाली तर बाटली रुग्णासोबत दवाखान्यात न्यावी.