पाटणादेवीच्या सहलीसाठी एक आकडा

चाळीसगावहून पाटणादेवीला जाणाऱ्या खानदेशी माणसाला भास्कराचार्यांचे नाव नव्याने सांगावे लागत नाही. नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला, हे सांगणारा १२०७ सालचा शिलालेख पाटणचाच. जन्मगावाचा वाद विद्वानांनी खुशाल घालावा. आपली अडचण वेगळी आहे: आपण नावाशीच थांबतो. माझे म्हणणे असे की, नावासोबत एक आकडाही पोरांना द्यावा. १,७६,६३,१९,०४९. म्हणजे एकशे शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास.

प्रश्न साधा दिसतो. एखाद्या पूर्ण संख्येचा वर्ग करा, त्याला ६१ ने गुणा, १ मिळवा. येणारे उत्तरही पूर्ण वर्गच हवे. शून्य सोडून अशी सर्वांत लहान संख्या कोणती? ६१ च्या जागी ६० असते तर ४ ने काम भागते: १६ गुणिले ६० अधिक १ म्हणजे ९६१, ३१ चा वर्ग. ६२ ला ८ पुरतो, ६३ ला तर नुसता १. या शेजाऱ्यांमध्ये ६१ मात्र असा आडमुठा, की थेट २२,६१,५३,९८० पर्यंत चढावे लागते. तेव्हा कुठे वर दिलेल्या आकड्याचा वर्ग हाती येतो. त्याआधी एकही संख्या चालत नाही.

एकेक संख्या तपासत बसले तर जन्म पुरणार नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘बीजगणित’ ग्रंथात हे उदाहरण चक्रवाल पद्धतीने सोडवले. ८ चा वर्ग ६१ पेक्षा ३ ने जास्त, इथून सुरुवात. पुढच्या पायरीवर ३९ चा वर्ग, तो ६१ गुणिले २५ पेक्षा ४ ने कमी. मग सातव्या शतकातल्या ब्रह्मगुप्तांचा नियम लावला की २९,७१८ आणि ३,८०५ ही जोडी मिळते. पहिल्याचा वर्ग दुसऱ्याच्या वर्गाच्या ६१ पटीहून बरोबर १ ने कमी. त्या पहिल्या वर्गाची दुप्पट करून १ मिळवा, आपला आकडा तयार.

फर्माने १६५७ मध्ये हेच ६१ चे कोडे घातले. ‘आपल्याकडे हे पाचशे वर्षे आधीच होते’ या वाक्यावर टाळ्या मिळतात आणि भाषण संपते. वर्गसंख्या सोडल्या तर दर वेळी असे उत्तर असतेच, याची सिद्धता मात्र अठराव्या शतकात लाग्रांजने दिली. तेही त्याच दमात सांगायला हवे.

शाळेच्या सहली पाटणादेवीला जातात, तेव्हा सातवी-आठवीच्या पोरांना २९,७१८ आणि ३,८०५ वहीत लिहून द्यावेत. दुकानातला बारा आकडी कॅल्क्युलेटर तिथवर साथ देतो. शेवटच्या आकड्याचा वर्ग मात्र १९ आकडी आहे. तो पेन्सिलीनेच करावा लागेल, आणि एखादा हातचा राहिला तर पुन्हा पहिल्यापासून.