वाढत्या अंगाचे जाकीट

मराठी घरांत मुलांचे कपडे बेतताना एक जुना रिवाज पाळला जातो. शाळेचा सदरा असो की दिवाळीचा झगा, शिंप्याला आवर्जून सांगण्यात येते, "जरा वाढत्या अंगाचा बेता." मग बाही मनगटाखाली उतरते, खांदे ओघळतात आणि मूल आरशात पाहून हिरमुसते. "पुढच्या वर्षी बरोबर होईल," असे म्हणून आई त्याची समजूत घालते. या काटकसरीत वावगे काही नाही. मूल वाढते आणि सदरा त्याची वाट पाहत थांबतो. सैल सदऱ्यामुळे फार तर सोबती हसतात. परंतु एक वस्त्र असे आहे, की ते वाढत्या अंगाचे घेऊन मुळीच चालत नाही. ते म्हणजे पाण्यावर जाताना घालावयाचे जीवरक्षक जाकीट. पाणी पुढच्या वर्षापर्यंत थांबत नाही.

मुंबईस गेटवेच्या धक्क्यावरून घारापुरीची लेणी पाहण्यास निघालेल्या एखाद्या कुटुंबाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. लाँचीचा प्रवास सुमारे तासाभराचा. बाकांजवळ नारिंगी जाकिटांचा ढीग पडलेला असतो. त्यातून ज्याच्या हाती जे लागेल ते तो उचलतो. आजोबा अंगाने स्थूल. त्यांच्या जाकिटाचा पट्टा पोटावरून पुढे येत नाही, म्हणून ते तसेच उघडे सोडतात. पाच वर्षांच्या धाकट्याचे जाकीट गुडघ्यांपर्यंत पोहोचते. तो त्यात मान आत ओढून कासवाची नक्कल करतो आणि सारे हसतात. बारा वर्षांच्या ताईला नव्या पोशाखाची घडी मोडावयाची नसते, म्हणून ती पट्टा सैल ठेवते. आई जाकीट घालते खरे. पण ते बांधण्याआधीच धाकट्याला सावरण्यात गुंतते. बाबा आपले जाकीट मांडीवर ठेवून म्हणतात, "मला पोहता येते." माणसे पाच आणि जाकिटेही पाच. हिशेब पुरा झाला. रक्षण मात्र एकाचेही झाले नाही.

हे चित्र कल्पनेतील असले, तरी त्यातील भय कल्पनेतील नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावर 'नीलकमल' या प्रवासी नौकेला नौदलाची एक वेगवान नौका धडकली आणि त्या दुर्घटनेत १५ जणांचा अंत झाला. त्याच वर्षी १८ जानेवारीस बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटून १२ मुले व २ शिक्षिका बुडाल्या. त्या होडीतील पुष्कळ मुलांच्या अंगांत जाकिटे नव्हती. एक समुद्र, दुसरा शहरातील शांत तलाव; परंतु बेसावध माणसाला दोन्ही सारखेच. मुंबईच्या अपघातानंतर गेटवेवरून जाणाऱ्या प्रवाशांना जाकीट घालण्याची सक्ती करण्यात आली, हे योग्यच झाले. तथापि, नियमाच्या हाताला एक मर्यादा असते. नियम जाकीट अंगावर चढवू शकतो. ते अंगाला बसवू शकत नाही. ते काम घालणाराने स्वतःच करावयाचे असते.

जाकीट अंगाला नीट बसणे इतके महत्त्वाचे का, हे समजण्यासाठी ते कसे काम करते हे पाहिले पाहिजे. माणसाचे शरीर पाण्याहून फारसे जड नाही. सामान्य प्रौढ माणसाचे डोके पाण्यावर राहण्यास तीन ते पाच किलोग्रॅम वजन उचलण्याइतका जादा आधार पुरतो. हा आधार जाकिटातील हलक्या फोममुळे मिळतो. पाण्यात पडताच शरीर खाली जाऊ लागते आणि जाकीट वर येऊ लागते. ते घट्ट बांधलेले असेल, तर वर येताना शरीराला बरोबर घेऊन येते. सैल असेल, तर ते एकटेच वर सरकते, बगलांत अडकून हात वर ढकलते आणि नाकातोंडाशी येऊन बसते. अंगाने लहान असलेले मूल तर त्यातून खाली निसटूनही जाते. सैल जाकीट स्वतः तरते, आणि ज्याच्यासाठी ते केले तो बुडतो.

मोठ्या माणसाचे जाकीट मुलाला का चालत नाही, याचे आणखी एक कारण आहे. लहान मुलाचे डोके त्याच्या बाकीच्या शरीराच्या मानाने मोठे व जड असते, त्यामुळे पाण्यात त्याचा चेहरा सहज खाली कलतो. म्हणून अगदी लहान मुलांच्या चांगल्या जाकिटाला डोक्यामागे आधार देणारी गादीसारखी कॉलर, वर ओढून घेण्यासाठी मुठीत मावेल अशी पट्टी आणि दोन्ही पायांमधून घेऊन बांधावयाचा एक पट्टा असतो. या पट्ट्यामुळे जाकीट वर सरकत नाही.

मुलांच्या जाकिटाचे माप वयावरून किंवा इयत्तेवरून ठरत नाही. ते वजनावरून ठरते. एकाच वर्गातील एका मुलाचे वजन ३२ किलोग्रॅम असते, तर त्याच्या शेजाऱ्याचे ४५. पुष्कळ जाकिटांच्या आतल्या बाजूस वजनाचे आकडे छापलेले असतात : १४ ते २३ किलोग्रॅम, २३ ते ४१ किलोग्रॅम आणि त्यापुढे प्रौढांसाठी. तेव्हा त्या दोघांची जाकिटे निरनिराळ्या मापांची हवीत. प्रौढांच्या बाबतीत वजनाबरोबरच छातीचा घेर पाहावा लागतो. स्थूल माणसाला तरण्यास अधिक आधार लागतो, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः चरबी पाण्याहून हलकी असते. त्या आजोबांना अधिक फोमची गरज नव्हती. पुरेशा लांब पट्ट्यांची होती.

जाकिटावर आणखी एक आकडा आढळतो : ५०, १००, १५० असा. हे जाकिटाच्या प्लावक बलाचे न्यूटनमधील माप होय. १० न्यूटन म्हणजे सुमारे एक किलोग्रॅम वजन उचलण्याइतके बल. ५०चे जाकीट ज्यांना पोहता येते त्यांनी किनाऱ्याजवळ वापरण्यासाठी असते. बेशुद्ध माणसाला उताणे करून त्याचा चेहरा पाण्याबाहेर ठेवावा, ही अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही. खुल्या समुद्रावर १५०चे जाकीट घेतात.

माप बरोबर आहे की नाही, हे ओळखण्यास फार विद्वत्ता लागत नाही. प्रथम सर्व पट्टे व बकले खालून वर लावून घट्ट करावीत. मग घालणाराने दोन्ही हात डोक्यावर सरळ उचलावेत आणि दुसऱ्याने जाकिटाचे खांदे धरून वर ओढावेत. जाकीट हनुवटीला किंवा कानांना लागले, तर पट्टे आणखी आवळावेत; तरीही ते वर आले, तर ते आपले नव्हे असे समजून दुसरे मागावे. उलटपक्षी, श्वास घेताना छाती आवळत असेल किंवा बकल लागतच नसेल, तर तेही नाकारावे. या परीक्षेस अर्धा मिनिटही लागत नाही. त्याबरोबरच शिवण उसवलेली आहे काय, पट्टा कुजलेला आहे काय, बसावयास उशी म्हणून वापरून फोम चेपून कडक झाला आहे काय, हेही पाहावे. जाकीट नेहमी कपड्यांवर घालावे आणि दप्तर किंवा पिशवी पाठीवर अडकवू नये.

ही दक्षता नवी आहे असे मात्र नाही. विहिरीत पोहावयास शिकणाऱ्या मुलाच्या पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधण्याची पद्धत महाराष्ट्रातील खेड्यांत होती. तो बांधून झाला, की घरातील जाणते माणूस गाठ दोनदा ओढून पाही, आणि मगच मुलाला पाण्यात सोडी. बिंडा तारतो, पण गाठ सुटली तर तो कोणालाच तारत नाही, हे त्याला ठाऊक असे. इंग्लंडात १८५४ साली वॉर्ड नावाच्या कप्तानाने जीवरक्षक नौकांवरील खलाशांसाठी बुचाचे जाकीट तयार केले. ९ फेब्रुवारी १८६१ रोजी व्हिट्बी येथे मोठे वादळ झाले. दिवसभर इतरांचे प्राण वाचवणारी तेथील नौका अखेर स्वतःच उलटली. तीवरील १३ जणांपैकी १२ जण बुडाले. वाचला तो हेन्री फ्रीमन. त्याने हे नवे बुचाचे जाकीट घातले होते. बाकीचे काही भित्रे वा अनाडी नव्हते. ते समुद्र जाणणारे शूर खलाशी होते. शौर्य आणि अनुभव यांनाही कधी कधी आधाराची गरज पडते, हे त्या दिवशी दिसून आले.

म्हणून "मला पोहता येते" हे जाकीट न घालण्याचे कारण होऊ शकत नाही. होडी उलटते ती पोहणाराला विचारून नव्हे. डोक्याला मार बसतो, कपडे भिजून जड होतात, दम तुटतो, आणि घाबरलेली दुसरी माणसे गळ्याला मिठी मारतात. पोहणाऱ्या वडिलांच्या अंगात जाकीट असेल, तर त्यांचे दोन्ही हात मुलाला धरण्यास मोकळे राहतील.

दुसरा आक्षेप खर्चाचा. वाढत्या मुलासाठी दर दोन-तीन वर्षांनी नवे जाकीट कोठून आणावे, हा प्रश्न गरिबाच्या घरात खरा आहे आणि त्याला हसून चालणार नाही. परंतु सहलीला जाणाऱ्या प्रत्येकाने जाकीट विकत घ्यावे असे नाही. ज्याने भाडे घेऊन माणसे पाण्यावर न्यावयाची, त्याने लहानमोठ्या सर्व मापांची जाकिटे ठेवणे हे त्याचे कर्तव्य आहे. चांभार सर्वांच्या पायांत एकाच मापाचा जोडा घालत नाही, तर नाविकाने सर्वांच्या गळ्यात एकच जाकीट का घालावे? आणि जी कुटुंबे पाण्याकाठीच राहतात, त्यांच्या घरी मोठ्याचे चांगल्या स्थितीतील जाकीट धाकट्याकडे जावे, जशी पाठ्यपुस्तके जातात.

यांपैकी कोणत्याही अडचणीहून मोठी अडचण मनातील आहे. तिचे नाव भीड. लाँच सुटावयाची वेळ झालेली असते, मागे माणसे खोळंबलेली असतात, आणि जाकीट वाटणारा म्हणतो, "चालेल हो, एवढ्याशा प्रवासाला काय होते!" अशा वेळी "हे माझ्या मापाचे नाही," असे म्हणावयास मोठी माणसेही कचरतात, मग मुलांनी काय बोलावे? परंतु भीड ही भिकेची बहीण म्हणतात, आणि पाण्यावर तर ती प्राणाचेच मोल मागते. असे वाक्य सभ्य शब्दांत, पण स्पष्टपणे उच्चारणे हा उद्धटपणा नव्हे. मापाचे जाकीट मिळेपर्यंत होडीत न बसणे हा भित्रेपणाही नव्हे. मागून येणाऱ्या शंभर जणांसाठी ते एक उपकाराचे कृत्य आहे. कारण जी वस्तू वारंवार मागितली जाते, ती शेवटी ठेवावी लागते.

त्या कुटुंबातील बारा वर्षांची ताई एवढे करू शकली असती. आधी तिने आपला पट्टा आवळला असता. मग धाकट्याला हात वर करावयास सांगून त्याच्या जाकिटाचे खांदे ओढून पाहिले असते, आणि ते कानांच्याही वर आलेले पाहून म्हटले असते, "काका, याच्या मापाचे द्या ना. आणि आजोबांना लांब पट्ट्यांचे." लाँच दोन मिनिटे उशिरा सुटली असती. घारापुरीची लेणी शेकडो वर्षे डोंगरात उभी आहेत. ती आणखी दोन मिनिटे थांबली असती. आईने सदरे खुशाल वाढत्या अंगाचे शिवावेत. पण जाकीट निवडताना मुलाचे आज जे अंग आहे, त्याचेच माप घ्यावे.