पॅलेस कसला, कोठडी म्हणा!

परवा मामेभावाचा फोन आला. त्याच्या ऑफिसातली चार माणसं कोकण बघायला निघालीयेत, रत्नागिरीत काय काय दाखवू म्हणून विचारत होता. मी उत्तर द्यायच्या आत स्वतःच यादी वाचायला लागला. "गणपतीपुळे, पावस, रत्नदुर्ग आणि थिबा पॅलेस. पॅलेसला अर्धा तास पुरे. फोटो काढायचे, सज्जातून खाडी बघायची आणि मासे खायला मोकळं व्हायचं. राजाला इंग्रजांनी काय झकास महाल बांधून दिला होता नाही?"

फोनवर मी नुसतं हं हं केलं. पण ते 'बांधून दिला' डोक्यातून जाईना, म्हणून हा उद्योग. (वाचतोयस ना रे?)

हे वाक्य त्याचं एकट्याचं नाही. लहानपणी मेच्या सुट्टीत आम्ही आजोळी जायचो तेव्हा मोठ्यांच्या तोंडून हेच ऐकलं. सहलीच्या माहितीपत्रकांत हेच असतं, रिक्षावाले हेच सांगतात. 'बांधून दिला.' जसं काही जावयाला घर बांधून दिलं!

आता जरा हिशेब मांडू. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं. लढाई म्हणावी तर जेमतेम दोन आठवड्यांची. थिबा राजा तेव्हा २६ वर्षांचा होता. त्याला आणि राणी सुपयालतला आधी मद्रासला नेलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. रत्नागिरीच का? तर रेल्वे नाही, घाट लांब, पावसाळ्यात समुद्र बंद. कोकण रेल्वे पूर्ण सुरू व्हायला १९९८ उजाडलं, म्हणजे तेव्हाची कल्पना करा. माणूस विसरला जावा म्हणून निवडलेली जागा होती ती. (पुढे सावरकरांनाही सरकारने १९२४ ते १९३७ इथेच स्थानबद्ध ठेवलं, ते उगीच नव्हे.)

आणि हा 'महाल' कधी झाला? १९१० मध्ये. म्हणजे आधीची चोवीस वर्षं राजाने दुसऱ्या बंगल्यांत काढली, पहाऱ्यात. तुटपुंज्या तनख्यात भागेना म्हणून जडजवाहीर विकत. परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. महालात तो राहिला फक्त सहा वर्षं. डिसेंबर १९१६ मध्ये वारला. तीस वर्षांची कैद आणि त्यातली शेवटची सहा या लाल इमारतीत. याला पॅलेस म्हणणं ही इंग्रजांची हुशारी होती. आपण शंभर वर्षांनंतरही तेच नाव मिरवतोय, ही मात्र आपली हौस.

मला माहीत आहे यावर काय ऐकायला मिळणार. पहिलं म्हणजे, "थिबा काय मोठा संत होता?" नव्हता. तो गादीवर आल्यावर राजघराण्यातल्या डझनावारी माणसांची कत्तल झाली. ते लपवू नये, तेही त्याच भिंतीवर लिहावं. पण इंग्रजांनी त्याला धरलं ते त्या पापाची शिक्षा म्हणून नव्हे. त्यांना ब्रह्मदेश हवा होता. १ जानेवारी १८८६ ला त्यांनी तो खालसाही करून टाकला.

दुसरं म्हणजे, "परक्या देशाच्या राजाशी आपला काय संबंध?" इथे मात्र मला खरोखर राग येतो. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. त्या पहिल्यावहिल्या ठरावांमध्ये एक ठराव उत्तर ब्रह्मदेश खालसा करण्याच्या विरोधात होता. त्या बहात्तर माणसांना संबंध कळत होता, आपल्याला कळत नाही!

आणि मंडाले हे नाव न ऐकलेला मराठी माणूस आहे का? १९०८ ते १९१४ टिळक मंडालेच्या तुरुंगात होते, गीतारहस्य तिथेच लिहिलं, हे चौथीतलं पोरही सांगेल. पण तो तुरुंग मंडालेच्या किल्ल्याच्या आत होता, म्हणजे थिबाच्याच राजधानीत, हे किती जणांच्या लक्षात येतं? रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेत कैदेत आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदेत, एकाच वेळी, एकाच सरकारचा. टिळक आळीतलं जन्मस्थान आपण हात जोडून बघतो आणि दीड-दोन मैलांवरच्या त्या दुसऱ्या घरात सेल्फी काढतो. या दोन घरांची गोष्ट एक आहे हो! ती एकत्र सांगायला हवी.

आता संग्रहालयाबद्दल. ही वास्तू राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. मधल्या काळात तिथे तंत्रनिकेतनही भरत असे. पाडली नाही, विकली नाही, हे चांगलंच झालं. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या गावात छप्पर आणि सागवानी लाकूडकाम टिकवणं हे दरवर्षीचं काम आहे, त्यासाठी झटणाऱ्यांना माझा नमस्कार. पण घर टिकवलं म्हणजे गोष्ट टिकली असं नाही. एखादं जुनं घर हातात आलं की आसपासच्या मूर्ती, नाणी, भांडी आणून मांडायची, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. मूर्ती कुठेही मांडता येतील. थिबाची कैद दुसऱ्या कुठल्या घरात दाखवणार? मंडालेचा त्याचा लाकडी राजवाडा तर १९४५ मध्ये युद्धात जळाला, आज तिथे उभा आहे तो पुन्हा बांधलेला.

आणि सर्वात जास्त सलतं ते टूटूचं. थिबाच्या थोरल्या मुलीचं मन पहाऱ्यावरच्या दरवानावर, गोपाळ सावंतावर जडलं. त्याचं लग्न झालेलं होतं. १९०६ मध्ये टूटू झाली. १९१९ मध्ये कुटुंब रंगूनला परतलं, पण थोरली राजकन्या मुलीला घेऊन पुन्हा रत्नागिरीला आली आणि १९४७ मध्ये इथेच गेली. टूटू इथेच वाढली, इथेच संसार केला, मराठीच बोलली, कागदाची फुलं करून विकली आणि २००० साली गरिबीतच गेली. ब्रह्मदेशच्या शेवटच्या राजाची नात! गावाला ती ठाऊक होती, पण तिची गोष्ट दबक्या आवाजातच सांगितली जायची. लाज कसली वाटत होती आपल्याला? तिच्या गरिबीची, की आपण तिला तशीच राहू दिली याची?

डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीला रत्नागिरीत येऊन गेले. त्याच वर्षी मे महिन्यात आपले पंतप्रधान मनमोहन सिंग रंगूनला बहादूरशहा जफरच्या कबरीवर गेले होते. जफरला परक्या मातीत एकटं मरावं लागलं म्हणून आपण हळहळतो. मग आपल्या मातीत तसंच मेलेल्या माणसाच्या घराला 'अर्धा तास पुरे'?

माझी मागणी फार नाही. दारातल्या पहिल्या पाटीवर, मराठीत आणि ब्रह्मी भाषेत, स्पष्ट लिहा की हे कैद्याचं घर आहे. एक खोली टूटूला द्या, त्यात कागदाची फुलं ठेवा. एका भिंतीवर मंडाले आणि रत्नागिरी शेजारी शेजारी मांडा. एवढ्याला कितीसा खर्च येणार?

असो, फार लांबलं. मामेभावाला एवढंच सांगणं आहे, की ने त्या चौघांना. सज्जात उभं करून खाडीपलीकडचा समुद्र दाखव. फक्त त्यांना सांग, की राजाला तो बघायची मुभा होती, ओलांडायची नव्हती. मासे तासभर उशिरा खाल्ले तरी चालतात.