मोठी गाडी गेली, सॅक तशीच आहे

‘‘काय रे, नोकरी वगैरे ठीक आहे ना?’’

मागच्या डिसेंबरमध्ये पार्किंगमध्ये खालच्या मजल्यावरच्या काकांनी अगदी हळू आवाजात विचारलं. कारण आमच्या जागेवर आता ती साडेचार मीटर लांब, पांढरीशुभ्र सात सीटर नव्हती. तिथे बायकोची २०१९ची वॅगनआर उभी होती. एवढीशी... अंग चोरून.

‘‘नोकरी आहे हो काका,’’ म्हटलं. पण खरं सांगू? लाज वाटली राव!

त्याचं झालं असं. बायकोला आय.टी. सोडून दोन वर्षं पूर्णवेळ मास्टर्स करायचं होतं. म्हणजे पगार एक आणि हप्ते दोन. घराचा आणि मोठ्या गाडीचा. गाडीचा एकटीचाच एकोणीस हजार! एका रविवारी रात्री एक्सेल शीट उघडून बसलो. ‘‘अरे, मी अजून एक वर्ष थांबते हवं तर,’’ ती म्हणाली. हे ती सलग तिसऱ्या वर्षी म्हणत होती. मी हॉटेलिंग कापलं, जिम कापलं. गाडीच्या ओळीवर आलो की हात थांबायचा. युक्तिवाद तयारच होता, गाडी विकली तर ट्रेक बंद, कॅम्पिंग बंद, सह्याद्रीच बंद!

‘‘फोर बाय फोर गेल्या वर्षी कितीदा वापरलंस?’’ तिने शांतपणे विचारलं.

एकदा. तेही अडकलो म्हणून नाही, मित्रांना दाखवायला. आणि सोमवार ते शुक्रवार मी वनाजहून मेट्रोने ऑफिसला जातो. हप्ता पार्किंगमध्ये झोपलेला असायचा.

विकली. कर्ज फिटून जे उरलं त्यातून जुलैत तिच्या पहिल्या वर्षाची फी भरली.

आता छोट्या गाडीत डोंगर कसे करायचे, तर त्याचीही एक कला आहे. वॅगनआरची डिकी ३४१ लिटरची. दोघांना चैन, चौघांना कसरत. नशिबाने आमची पेट्रोलवाली आहे; सीएनजी असती तर डिकीत सिलिंडर आणि तंबू मांडीवर! पहिल्यांदा ट्रॉलीबॅगा बाद केल्या. मऊ सॅक कुठेही कोंबता येते. पाण्याचे कॅन पुढच्या सीटमागे, पायाशी. सायकल न्यायची तर मागची सीट पाडायची आणि सायकलचं पुढचं चाक काढायचं. टपावर कॅरिअर लाव, असं सगळ्यांनी सुचवलं, पण गाडी मुळात उंच, त्यात वर वजन आणि घाटातला वारा... आपली हिंमत नाही. इंजिन एक लिटरचं असल्यामुळे चौघं आणि सामान घेऊन घाट चढताना एसी बंद, खिडक्या उघड्या. उतरताना दुसरा गिअर. न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचवणाऱ्या हुशार मंडळींच्या हाती मी किल्ली देत नाही!

खरी परीक्षा जूनच्या पहिल्या आठवड्यात झाली. काजवे बघायला भंडारदऱ्याला गेलो होतो. वॅगनआरचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिलिमीटर, माणसं भरली की गाडी आणखी खाली बसते. शेवटच्या कच्च्या रस्त्यावर खालून असा काही ‘खर्रर्र’ आवाज आला की पोटात गोळा! तिघांना उतरवलं, हळूहळू रिव्हर्स घेतली आणि गावातल्या एका अंगणात विचारून गाडी लावली. पुढे दोन किलोमीटर चालत. मी मनातल्या मनात एक्सेल शीटला शिव्या घालत होतो.

पूर्वी काय करायचो, तर मोठी गाडी थेट झाडांपाशी. हेडलाइट, गाणी, धुरळा. काजवे एकमेकांना दिव्यांनीच बोलावतात. त्यांच्या तोंडावर आपण हेडलाइट मारायचो आणि वर ‘यंदा कमी आहेत नाही?’ म्हणायचो! या वेळी टॉर्चही बंद केले. डोळे अंधाराला सरावायला दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. मग एक झाड अख्खं लुकलुकायला लागलं, मग शेजारचं. कोणी फोटो काढला नाही. निघत नाहीत हो मोबाइलवर.

पण सगळंच छान छान नाही हं. आमचा ग्रुप सहा जणांचा. पूर्वी सहाही एका गाडीत, पहाटे चारला अंताक्षरी सुरू. आता चौघं गाडीत, दोघांनी आपापलं बघायचं. त्यातला एक जण दोनदा ‘पुढच्या वेळी बघू रे’ म्हणाला. गाडी विकल्याचं दुःख मला तेव्हा झालं, पार्किंगमध्ये नाही.

या शनिवारी राजगड ठरलाय, गुंजवण्याच्या वाटेने. बायको नाही, तिचा सोमवारी पेपर आहे. त्यामुळे एक सीट रिकामी होती. लगेच त्या मित्राला फोन लावला. ‘‘सीट दुसऱ्या कोणाला दे. आम्ही दोघं स्वारगेटहून वेल्ह्याची एस.टी. पकडतो आणि मार्गासनीला उतरतो,’’ तो म्हणाला, ‘‘तिथून पुढे तू दोन फेऱ्या मार.’’

मारतो की!